परातीला दिलेला डिपर

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. थांबा, थांबा, फोटो काढणारा नव्हे! लग्नकार्यात मला कोणी बोलावत नाही आणि मीही कोणाला "जरा हसा" म्हणत नाही. मी एका चारचाकी गाडीच्या पुढच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागे चिकटून बसलेलो असतो. आकार म्हणाल तर जेमतेम सुपारीएवढा. गाडीत बसणाऱ्यांना माझी फक्त पाठ दिसते आणि बाहेरच्यांना तर मी आहे हेच ठाऊक नसतं. तरीही अंधार पडला की त्या एवढ्या मोठ्या गाडीचे दोन्ही दिवे माझ्या हुकमाने चालतात. ऐकलंत ना? माझ्या हुकमाने!

गाडीच्या दिव्यांना दोन झोत असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. लांबचा झोत म्हणजे अप्पर. तो पार दूरवर, झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचतो. जवळचा झोत म्हणजे डिपर. तो मान खाली घालून फक्त पुढचा रस्ता उजळतो. समोरून कोणी आलं की अप्परचा डिपर करायचा असतो, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. पूर्वी हे काम चालवणाऱ्याच्या बोटाला करावं लागे. स्टिअरिंगजवळची दांडी सारखी पुढे-मागे, पुढे-मागे! मी आलो आणि बोटाला सुट्टी मिळाली. समोर दिवा दिसला की मी झोत खाली घेतो, दिवा निघून गेला की पुन्हा वर. पापणी लवायच्या आत! दिवस मावळायला लागला की मला आजही राहवत नाही. कधी एकदा पहिला दिवा समोर येतो असं होऊन जातं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता. पांढरे कोट घातलेली माणसं मला अंधाऱ्या खोलीत बसवत आणि दिवे दाखवत. हे ट्रकचे दिवे. हे बसचे. हा मोटारसायकलचा, एकटाच असतो, फसू नकोस. हे दोन लाल म्हणजे पुढे चाललेल्या गाडीची पाठ, तिच्या आरशातही झोत मारायचा नाही. हा रस्त्याकडेचा खांब, याच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी भराभर शिकलो. परीक्षा झाली, मी पास झालो आणि माझ्या पाठीवर पास झाल्याचा शिक्काही बसला. त्या खोलीत मला कोणी बैलगाडी दाखवली नाही. डोक्यावर घागर घेऊन चाललेली बाईही दाखवली नाही. दाखवतील तरी कशाला? त्यांच्याजवळ दिवा नसतो आणि मला तर दिवेच ओळखायचे होते. अंधारात मला दिसतं सगळं, पण ज्याच्याजवळ दिवा नाही तो माझ्या हिशेबात नाही. माझी घडणच तशी आहे.

मग एके दिवशी गाडीच्या काचेवर बसून मी बीड जिल्ह्यात आलो. घाटनांदूरहून आत वळलं की आमचं गाव लागतं. गाडी घेतली होती शिवकांताबाईंनी. गावातल्या सहकारी दूध सोसायटीच्या त्या अध्यक्ष. सगळे त्यांना अक्का म्हणत. पन्नाशीला आलेल्या अक्का गाडी चालवायला नुकत्याच शिकल्या होत्या. पदर खोचायचा, चप्पल काढून बाजूला ठेवायची आणि मगच चाकामागे बसायचं, अशी त्यांची रीत. त्यांचे यजमान बसवराजअप्पा यांचं गावात किराणा दुकान होतं. अप्पांना गाडी चालवता येत नव्हती, पण गाडीविषयी बोलता मात्र फार छान येत होतं.

पहिल्याच दिवशी अप्पांनी गाडीची पूजा केली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. मग अप्पांनी भस्मात तीन बोटं बुडवली आणि पुढच्या काचेवर, बरोबर माझ्या डोळ्यासमोर, तीन जाड आडवे पट्टे ओढले. झालं! माझं सगळं जग पांढरं. दिवेलागणीला अक्का गाडी घेऊन निघाल्या तर मी गप्प. समोरच्या पडद्यावर सूचना उमटली की कॅमेऱ्यापुढे अडथळा आहे.

"अगं आई, पहिल्याच दिशी बिघडली का काय?" अप्पांचा चेहरा उतरला.

अक्का खाली उतरल्या. काचेकडे पाहून त्यांना हसू आवरेना. पदराने पट्टे पुसत त्या म्हणाल्या, "अवो, देवाचं लावलंत ते बरं केलंत. पण बिचाऱ्याच्या डोळ्यात कावून घातलं?"

"मला काय म्हाईत त्येला डोळा हाय म्हणून!"

पट्टे बॉनेटवर गेले आणि माझा डोळा उघडला. काच मळलेली असली तर मी आंधळा, हे त्या दिवशी अक्कांना कळलं. पुढे रोज निघताना त्या काच पुसायच्या. त्या संध्याकाळी रस्त्यावर पहिलाच ट्रक समोर आला. मी झोत खाली घेतला. ट्रक गेला, झोत वर! शेजारी बसलेल्या अप्पांनी टाळ्याच वाजवल्या.

"बग, बग! बोट सुदिक लावलं न्हाईस तू. आता निवांत हात मांडीवर ठिव."

"आन् गाडी कोण चालवंल? तुमी?" अक्का म्हणाल्या.

तरी खरं सांगतो, त्या दिवसापासून अक्कांचं बोट दांडीवरून उठलं ते उठलंच. दिव्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आणि मी फुशारून गेलो.

त्या वर्षी पावसाने पार तोंड फिरवलं होतं. विहिरींचे तळ दिसत होते. गावात टँकर येई आणि टँकरमागे भांड्यांची रांग लागे. गवताची काडी दिसेना. पण दूध थांबून चालत नाही. अक्का तांबडं फुटायच्या आधी निघत, आसपासच्या गावांतली संकलन केंद्रं बघत, आणि पुन्हा दिवेलागणीला शीतकरण केंद्राकडे जाऊन येत. दोन्ही वेळा अंधाराच्याच. म्हणजे दोन्ही वेळा माझ्याच!

आता तुम्हाला आमच्या भागातली एक गंमत सांगतो. आमच्याकडे डिपर म्हणजे नुसती दिव्याची उघडझाप नव्हे. समोरच्याने झोत खाली घेतला म्हणजे त्याने तुम्हाला ओळखलं, मान दिला, रामराम केला. आणि नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जाब विचारला जातो, "काय बे, लई मोठा झालास का? डिपर बी देईनास?" अशा मुलखात मी आलो होतो. मी कोणालाच चुकवत नव्हतो. ट्रक असो, बस असो, फटफटी असो, दुरूनच माझी मान खाली. मग काय, गावभर बोलबाला झाला. "अक्का अध्यक्ष झाल्या, पण ताठा न्हाई. लांबूनच मान देत्यात!"

मोहनरावांचा तर किस्साच झाला. सोसायटीच्या निवडणुकीत ते अक्कांच्या विरोधात उभे होते आणि पडले होते. तेव्हापासून अबोला. एका संध्याकाळी त्यांची मोटारसायकल समोरून आली आणि मी नेहमीप्रमाणे झोत खाली घेतला. मोहनराव जागच्या जागी थांबले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सोसायटीत आले आणि म्हणाले, "अक्का, मी तुमच्या इरोधात मतं मागितली, तरी तुमी मला डिपर दिला. आजपासून आपलं काय बी वाकडं न्हाई." अक्का गोंधळल्या. आपण कधी डिपर दिला हे त्यांना आठवेना, पण समोरचा माणूस गोड बोलत होता म्हणून त्या हसल्या. इकडे काचेवर मी आनंदाने फुटायच्या बेतात होतो. एका झोतात मी दोन पक्ष एक केले होते!

आणि ही एकी फार वेळेवर झाली होती, कारण गावावर मोठी वेळ आली होती. चारा संपला होता. सिरसाळ्याच्या बाजारात रोज कोणाचं ना कोणाचं जनावर विकायला जाई, आणि परतताना माणसाच्या हातात नुसता कासरा असे. दूध संघाने सांगितलं की सोसायटीने गावात चारा छावणी उघडावी, चारा संघाकडून येईल. पण अट अशी की तीनशे जनावरं एका जागी आली पाहिजेत. त्याहून कमी असतील तर चाऱ्याच्या गाड्या दुसऱ्या गावाला जातील. अक्कांनी घरोघर फिरून जनावरं मोजली. गावातली सगळी धरूनही तीनशे भरत नव्हती. माळावरच्या वस्तीतली आली तर मात्र सहज भरत होती. म्हणजे सगळं त्या वस्तीवर अडलं होतं.

अक्कांनी मोहनरावांना वस्तीवर पाठवलं. ते गेले तसे परत आले.

"न्हाई म्हणत्यात, अक्का. जनावरं बाजारात न्हेऊ, पण अक्काच्या दावणीला बांधणार न्हाई, आसं म्हणत्यात."

"कावून पण? मी काय वाईट केलं त्येंचं?"

"त्ये काय सांगंनात. छबुबाईनं त्वांड फिरवून घेतलं."

छबुबाई म्हणजे त्या वस्तीतल्या सगळ्यांत मोठ्या बाई. त्या हो म्हणाल्या की वस्ती हो म्हणे. संघाला उत्तर द्यायला दोनच दिवस उरले होते. छावणी गेली तर गावातले गोठे रिकामे होणार, मग दूध कुठून येणार आणि सोसायटी तरी कसली राहणार? दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागताच त्यांनी गाडी काढली आणि वस्तीची वाट धरली. मला फार उत्सुकता लागली होती. अक्कांसारख्या बाईला नाही म्हणणारं माणूस असतं तरी कसं?

डांबरी रस्ता सोडून गाडी खडकाळ वाटेने कशीबशी माळावर चढली. छबुबाई दारात बाजेवर बसल्या होत्या. शेजारी त्यांचा पुतण्या बंकट उभा होता. दावणीला एक पांढरा बैल होता आणि त्याच्या गुडघ्याला हळद लावलेली होती. गाडीच्या काचा खाली होत्या, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"या, अध्यक्षीणबाई," छबुबाई म्हणाल्या. "बसा म्हणलं आसतं, पण घरात प्यायला पाणी न्हाई द्यायला."

दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. अक्कांचा चेहरा पडला. तरी त्या म्हणाल्या, "मावशी, छावणीचं इचारायला आले. जनावरं देत न्हाई म्हणालात, कावून?"

"तुमच्या दारात आमच्या जनावराला काय मान मिळायचाय? रस्त्यावर तर मिळंना."

"म्हंजी?"

बंकटला राहवलं नाही. "अक्का, तुमी टरकाला डिपर देता. बुलेटवाल्याला देता. मोहनरावाला बी देता. आन् आमची बैलगाडी आली की अप्पर तसाच, भसकन डोळ्यात! आमी काय माणसं न्हाई का?"

"मी? मी कवा रं?"

"रोज! आमी गावातनं टँकरचं पाणी भरून येतो त्या येळला. आन् त्या सोमवारी मोरीवर काय झालं? टिपाड भरून आणत होतो, दोन घरांचं पाणी. तुमची गाडी आली. बैलाला काय दिसंना, बुजला आन् गुडघ्यावर गेला. टिपाड आडवं झालं. समदं पाणी मोरीत! तुमी थांबल्या बी न्हाई."

अक्का तिथेच जमिनीवर बसल्या. मित्रांनो, मीही हादरलो. तो सोमवार मला आठवत होता. त्या मोरीवर, म्हणजे रस्त्यातल्या छोट्या पुलावर, समोर एकही दिवा नव्हता. माझ्या लेखी रस्ता रिकामा होता. मी झोत वर ठेवला आणि मजेत पुढे गेलो. त्या झोतात एक बैल उभा होता आणि त्याचे डोळे दिपले होते, हे मला आज पहिल्यांदा कळत होतं.

"मावशी, देवाशपथ सांगते," अक्का म्हणाल्या. "बैलगाडी दिसली म्हणून मी गाडी कडंनं काढली. मागं काय झालं त्ये मला दिसलंच न्हाई. आन् डिपर मी कुणालाच देत न्हाई. गाडी देती. आपली आपली!"

"गाडी देती?" छबुबाई पहिल्यांदा हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "गाडीला काय कळतंय, मोहनराव कोण आन् बंकट कोण?"

"त्येच तर! तिला माणूस कळतच न्हाई. तिला निस्ता दिवा कळतो."

"काय बी सांगता."

अक्का उठल्या. पदर खोचला. "चला खाली डांबरीवर. दाखवतेच तुमाला."

आणि मग जे झालं, ते आठवलं की आजही मला हसू फुटतं. दिवस नुकताच मावळला होता. सगळी वस्ती डांबरी रस्त्याच्या कडेला गोळा झाली. बंकट बैलगाडी घेऊन आला. छबुबाई आधीच ओरडल्या, "बैल सोड रं! त्येंच्या डोळ्याला पुन्हा तरास नको." बैल सोडून दूर नेले आणि रिकामी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. गाडी अगदी हळू असली तर मी कामच करत नाही, म्हणून अक्का लांब लिंबाच्या झाडापाशी गेल्या, तिथून जरा वेगाने आल्या आणि बऱ्याच अलीकडे थांबल्या. कारखान्यानंतरची माझी दुसरी परीक्षा सुरू झाली, आणि परीक्षक होते चाळीस-पन्नास!

पहिली फेरी. समोर नुसती बैलगाडी. माझा झोत वर तो वरच. सगळे डोळ्यांवर हात धरून ओरडले, "अप्पर! अप्पर!"

दुसरी फेरी. कोणीतरी बैलगाडीला कंदील अडकवला. एवढा मिणमिणता उजेड माझ्या हिशेबात बसेना. अप्पर!

तिसरी फेरी. बंकट मोबाईलची बॅटरी हलवत उभा राहिला. मी जरा घुटमळलो आणि बराच उशिरा झोत खाली घेतला. "दिला, दिला!" पोरींनी गलका केला. "दिला, पण आंधळा झाल्यावर," बंकट डोळे चोळत म्हणाला.

चौथी फेरी गहिनीनाथची. वस्तीवरची एकुलती एक मोटारसायकल त्याची होती आणि तिच्या दिव्यावर चिखलाचं पुट होतं. मी फसलो, उशीर केला. अक्कांनी खाली उतरून त्याचा दिवा पदराने पुसला आणि पुन्हा लांबून आल्या. या वेळी मी केवढ्या लांबून मान खाली घातली! गहिनीनाथने दोन्ही हात वर केले. "मला मान मिळाला बे! मी बी टरकवाला झालो!"

सगळे हसत होते, एकट्या छबुबाई सोडून. त्या शांतपणे वस्तीकडे गेल्या आणि येताना घरातली मोठी पितळी परात घेऊन आल्या. चिंचेने घासून लखलखीत केलेली. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता या."

अक्का आल्या. माझाच झोत परातीवर पडला, आणि परातीने तो माझ्याच डोळ्यात परत फेकला. बाप रे, केवढी मोठी गाडी समोर आली! मी झटकन झोत खाली घेतला. परात विझली. अरे, गाडी कुठे गेली? झोत वर. पुन्हा गाडी! झोत खाली. पुन्हा गायब! लोक हसून हसून रस्त्यावर बसले. बंकट पोट धरून ओरडत होता, "परातीला डिपर! परातीला रामराम!" कोणाचं हसू थांबेना. मलाही, काय सांगू, मजाच येत होती. एवढ्या लोकांनी आजवर कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

अक्काही डोळे पुसत खाली उतरल्या. "पटलं का आता? ही परातीला मान देती आन् माणसाला न्हाई. माझ्या मनात काय बी नव्हतं, मावशी."

छबुबाईंनी परात खाली ठेवली. त्या अक्कांच्या अगदी समोर आल्या. आता त्यांच्या बोलण्यात मघाचा तुटकपणा नव्हता, आणि 'तुमी'ही गेलं होतं.

"गाडीला न्हाई दिसत, पटलं. पण पोरी, तू गाडीत व्हतीस न्हवं? तुला तर दिसत व्हतो ना आमी?"

हसणं थांबलं.

"दिसत व्हता," अक्का हळूच म्हणाल्या.

"मंग बोट कावून हललं न्हाई?"

"वाटलं... गाडी करंल."

अक्कांनी बंकटकडे पाहिलं, मग दूर उभ्या असलेल्या बैलाकडे. "चुकलं माजं, मावशी," त्या म्हणाल्या. "बैलाची माफी कशी मागत्यात मला म्हाईत न्हाई, पण चुकलं."

छबुबाईंनी परात उचलून काखेत मारली. "उद्या पहाटं आमच्या बैलगाड्या पाण्याला निघत्यात. मंग बगू." एवढंच बोलून त्या माळाकडे वळल्या, आणि त्यांच्यामागे सगळी वस्ती गेली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी अक्का नेहमीप्रमाणे निघाल्या. अप्पा म्हणत होते, "आजच्या दिस नको जाऊस. आज कायतरी कमीजास्त झालं तर छावणी गेलीच म्हणून समज." अक्कांनी काच पुसली, चप्पल काढली आणि गाडी सुरू केली. मी नेहमीसारखा जागा होतो. डांबरी लागली, वेग आला. समोर दिवा नाही. मी झोत वर केला. आणि मोरीच्या पलीकडे त्या दिसल्या, एकामागून एक बैलगाड्या. पुढच्या गाडीवर बंकट, त्याच्यामागे टिपाडाला टेकून छबुबाई. म्हणजे दिसल्या अक्कांना. माझं आपलं तेच चाललं होतं की दिवा नाही, कोणी नाही, रस्ता मोकळा आहे!

इतक्यात खट् असा आवाज झाला. दांडी हलली होती. अक्कांच्या बोटाने!

माझा झोत वर होता आणि त्यांनी तो खाली आणला. माझा हुकूम मोडला गेला. आणि मित्रांनो, मला राग यायला हवा होता ना? पण माझ्या सगळ्या तारांतून आनंद धावला. कोणीतरी माझ्याहून जास्त पाहत होतं! अक्कांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि उभी केली. जवळच्या झोतात फक्त रस्ता उजळला होता. त्या उजेडाच्या कडेने बैलांचे पाय आले. हळद लावलेला गुडघा आला. मोरीपाशी पांढरा बैल क्षणभर थांबला. बंकटने श्वास रोखला, अक्कांनी रोखला, मी तर कधीचा रोखून धरला होता. बैलाने कान हलवले आणि तो सरळ चालत पुढे निघाला.

बैलगाडी आमच्या काचेपाशी आली. अक्का खिडकीतून बाहेर वाकल्या. "रामराम, मावशी."

बैलगाडी दोन हात पुढे गेली, आणि मग छबुबाईंनी मागे वळून हाक दिली, "शिवकांता! छावणीत आमच्या बैलाला सावलीची बाजू पायजे बरं का! मागनं कुरकुर ऐकायची न्हाई मी!"

अक्कांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्या लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. "देते, मावशी! आदी तुमालाच देते!"

तीनशेचा आकडा भरला. चार दिवसांनी संध्याकाळी चाऱ्याचे ट्रक गावात शिरले. अक्का त्यांना सामोऱ्या गेल्या होत्या. एक, दोन, तीन, चार... मी प्रत्येकासमोर मान खाली घालत होतो, आणि प्रत्येक ट्रक उलट डिपर देत होता. काय सांगू ती संध्याकाळ! सोसायटीने वस्तीतल्या सगळ्या बैलगाड्यांना पुढे-मागे रेडियमच्या चकचकीत पट्ट्या लावून दिल्या. त्या पट्ट्या मला कधी ओळखू येतात, कधी येत नाहीत. पण ट्रकवाल्यांना येतात, आणि छबुबाई म्हणतात तेवढं पुरे. हायवेला लागलं की अक्का मला मोकळं सोडतात. माळाच्या रस्त्याला वळलं की त्यांचं बोट दांडीवर येतं. आमच्या दोघांचं छान जमलं आहे.

आता माझ्या काचेवर ओरखडे पडले आहेत. माझ्याहून हुशार कॅमेरे आले आहेत म्हणतात, त्यांना म्हणे माणसंही ओळखू येतात. येत असतील, मला आनंदच आहे. तरी तुम्हाला एक विनवणी करतो. मला वापरा, मला काम द्या, माझी काच स्वच्छ ठेवा, मला काम करायला फार आवडतं. पण मित्रांनो, माझ्या भरवशावर आपले डोळे मिटू नका. समोरून दिवा आला तर त्याला मी सांभाळीन. बिनदिव्याचा माणूस आला तर तो तुमचा.